सरपंच आणि मिशीवाला

१२ जानेवारी, रविवार

आमच्या सात पिढ्यांनी मासे मारले. पाळणारा मी पहिला.

हे वाक्य सकाळपासून डोक्यात घोळत होतं, म्हणून पतपेढीने दिलेल्या डायरीच्या पहिल्याच पानावर लिहून टाकलं. डिसेंबरात तुर्भ्याच्या कंपनीतून रिटायर झालो. निकेशने, म्हणजे माझ्या मुलाने, त्याची भेट म्हणून काल काचेची टाकी आणली. तीन फूट लांब, वर दिवा, आत खरी झाडं. गप्पी, मोली, निळ्या पट्ट्याचे बारके टेट्रा आणि दोन एंजल. एंजल म्हणजे बघण्यासारखा मासा. पापलेटाला कोणी पंख लावावेत तसा.

टाकी कुठे ठेवायची यावरून वाजलं. निकेश म्हणाला, आतल्या भिंतीला ठेवा. मी म्हणालो, खिडकीत. सानपाडा गावात आमचं घर अगदी रस्त्याला लागून आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली नाही तर टाकीचा उपयोग काय? खिडकीतच ठेवली. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव डोकावून गेलं.

शांती, आमची बायको, जिने पंचवीस वर्षं बाजारात मासळी विकली, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यातला एक पन कालवनाला होनार नाय." तिला कौतुक दाखवता येत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काचेवर आधी तपकिरी साय आली. मग हिरवी. आता एंजल आहेत की नाहीत हे अंदाजाने सांगावं लागतं. शांती म्हणते, "पानी झायला का पालकाची भाजी?"

दुकानात गेलो. दुकानदार हसला. म्हणाला, काका, हे काय टेन्शन आहे? सकर घेऊन जा. पोटाखाली तोंड असलेला, काळा, अंगावर काटेरी खवले. काचेला चिकटतो आणि शेवाळ खात बसतो. परत काच पुसायला नको म्हणाला.

आणला. दुपारपासून काचेला चिकटून आहे. हलत नाही, बोलत नाही, खात मात्र राहतो. त्याचं नाव ठेवलं सरपंच.

२३ फेब्रुवारी, रविवार

सरपंचाने पुढची काच साफ केली. निदान त्याचं तोंड जिथे पोचतं तिथली. पण झाडांच्या पानांना हिरवी लोकर आली आहे, ती काही तो खात नाही. मी माशांना दिवसातून तीनदा दाणे घालतो, तेच खाऊन तो सुस्त होत असेल. पण घरी आलेल्याला उपाशी ठेवायची आमच्यात पद्धत नाही.

जेवताना निकेश म्हणाला, "बाबा, माझ्या ओळखीची एक आहे. महापेला लॅबमध्ये पाणी तपासते. शेवाळाचं तिला बरोब्बर कळतं. तिला दाखवू या का टाकी?"

मी उत्तर द्यायच्या आत शांती म्हणाली, "आन की. रविवारी जेवायलाच आन."

शेवाळ बघायला येणाऱ्या माणसाला जेवायला कशाला?

२ मार्च, रविवार

आज ती मुलगी येऊन गेली. संघमित्रा नाव. दिघ्याला राहते. वडील तिथेच एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर आहेत. तिला कोणाचा तरी फोन आला तेव्हा "जय भीम आत्या, नंतर करते" म्हणाली, म्हणजे आमच्या कंपनीतल्या कांबळेच्या समाजातली. असो. आपल्याला काय, टाकी सुधारली म्हणजे झालं.

आल्यावर टाकीकडे बघितलंच नाही. आधी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघितलं. "काका, इथे ऊन किती वाजता येतं?"

"दुपारनं. चांगला लख्ख येतं."

"आणि खायला किती वेळा घालता?"

सांगितलं. ती म्हणाली, "काका, शेवाळ हा रोग नाही. जास्तीचं ऊन आणि जास्तीचं खाणं पाण्यात साठलं की ते येतंच. मासा किती खाणार?"

"त्याच्यासाठीच तर सकर हाय."

"सकर खातो त्याच्यापेक्षा जास्त घाण करतो. आणि हा मोठा झाला की फूटभर होईल. तुमची टाकीच तीन फूट."

मला राग आला. सात पिढ्या पाण्यात गेलेल्या माणसाला ही दिघ्याची पोर मासा शिकवते. पण पाहुणी होती, म्हणून चहाचा कप पुढे सारला.

शांतीचं मात्र विचित्र चाललं होतं. नवी चादर काढली, कोलंबीचं कालवण केलं, आणि मुलीला विचारत काय बसली? गाव कुठलं, तर बीडकडचं. भावंडं किती, आईचं नाव काय, तर केशरबाई. भाकरी येते का, नोकरी पुढे करणार का. शेवाळाशी याचा काय संबंध? मीच विषय परत टाकीवर आणला.

१६ मार्च

त्या मुलीला दाखवून द्यायचं ठरवलं. दुकानातून स्वतः निवडून सोनेरी शेवाळखाऊ आणला. लांबट, सडपातळ, सोन्याच्या साखळीसारखा. सरपंच आणि सोनेरी मिळून पंधरा दिवसांत टाकी आरशासारखी करतील.

३० मार्च, पाडवा

सोनेरी शेवाळ खात नाही. एंजल खातो. म्हणजे त्याच्या अंगाला चिकटून त्याची कातडी चाटतो. सकाळी गुढी उभारत होतो तेव्हा शांतीने हाक मारली. एक एंजल कोपऱ्यात लपलेला, कुशीला पांढरा डाग.

निकेशने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. समोर संघमित्रा. मी म्हणालो, बहुतेक पाण्यात दोष आहे. ती म्हणाली, "काका, तो सोनेरी दिसतोय तो काढा आधी. लहानपणी बरा असतो. मोठा झाला की दुसऱ्यांच्या अंगाला लागतो. दुकानदाराने सांगायला पाहिजे होतं तुम्हाला."

दोष दुकानदारावर टाकला, माझ्यावर नाही. हे माझ्या लक्षात आलं.

सोनेरी परत केला. आणि मी, पूर्णपणे माझ्या डोक्याने, टाकी खिडकीतून काढून आतल्या भिंतीला नेली. दाणे एकदाच. दिवा थोडाच वेळ. आठवड्याला बादलीभर पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. निकेश म्हणाला, हे सगळं संघमित्रा म्हणाली होती ना? मी म्हणालो, तिने सुचवलं असेल, ठरवलं मी.

१४ एप्रिल

शेवाळ निम्म्याने कमी. एंजलची जखम भरली.

निकेश दिवसभर दिघ्याला मित्राकडे जयंतीच्या मिरवणुकीला गेला होता. शर्ट निळ्या गुलालाने माखलेला, चेहरा आनंदाने. कोण मित्र, विचारलं. शांतीच मध्ये बोलली, "जेवा आधी, भात थंड होतं."

४ मे, रविवार

संघमित्रा आता दर पंधरा दिवसांनी येते. आज तिने पिशवीत पाणी भरून दोन मासे आणले. सकरच्याच घरातले, पण बारके. हाताच्या बोटाएवढे. नराच्या तोंडावर मिशा आहेत, खऱ्याखुऱ्या, फांद्या फुटलेल्या! म्हणाली, हे बोटभरच राहतात, शेवाळ मन लावून खातात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत. त्यांना चावायला एक लाकूडही आणलं, आठवडाभर पाण्यात भिजवून तयार केलेलं. शेवाळ संपलं की उकडलेली दुधीची फोड टाकायची.

मी विचारलं, "पैसे किती?"

"काका, घरच्या टाकीचे पैसे कोण घेतं?"

घरची टाकी! किती आपलेपणाने बोलते. हल्लीच्या पोरांत हे नाही.

मिशीवाला रुबाबात फिरतो. माझ्या वडिलांच्या अशाच मिशा होत्या.

८ जून, रविवार

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

सरपंच वीतभराहून मोठा झाला. रोज झाडं उपटतो. काल तर दिवा मालवल्यावर एंजलच्या अंगाला चिकटलेला बघितला. आता याला ठेवणं नाही. मी ठरवलं, गावच्या तळ्यात सोडायचा. मोकळं पाणी, भरपूर शेवाळ, सुखात राहील. बादलीत घेतला, झाकण ठेवलं, चप्पल घातली. दारात संघमित्रा. आजचा तिचा दिवस होता, मी विसरलो होतो.

"काका, कुठे?"

सांगितलं. ती दारातून बाजूला झालीच नाही.

"तळ्यात नका सोडू."

"का?"

"हा आपल्याकडचा मासा नाही. तळ्यात याला खाणारं कोणी नाही. अंडी घालेल, काठ पोखरेल, दुसऱ्यांचं खाणं संपवेल. आणि याचे काटे जाळ्यात अडकले की जाळं कापावं लागतं."

मी आवाज चढवला. खोटं कशाला लिहू, चांगलाच चढवला. "पोरी, पान्याचा आमाला शिकवू नको. माझा बाप त्या तल्यात पोहायला शिकला. तू कवा आलीस इथं?"

शांती आतून आली. निकेशचा चेहरा पडला होता. मला वाटलं आता मुलगी रडेल, नाहीतर निघून जाईल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुमच्या वडिलांचं तळं आहे म्हणूनच सांगते, काका. माझं असतं तर मी भांडले असते. तुमचं आहे, म्हणून विनंती करते."

बादली जड होती. ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग चप्पल काढली आणि आत आलो.

तिने दोन-चार फोन केले. एका कॉलेजात मोठा हौद आहे, तिथे सरपंचाला जागा मिळाली. संध्याकाळी निकेश आणि ती त्याला पोचवून आले. कोपरा रिकामा दिसतो. वाईट वाटलं.

११ जून

चुलतभाऊ धनेश भेटला. त्याला सहज विचारलं, तळ्यात काळा काटेरी मासा कधी लागला का? म्हणाला, "लय. कोन सोडतंय काय ठाव. परवा माझा नवा जाला फाडला."

म्हणजे पोरीचं खरं होतं. तिला सांगितलं नाही. शांतीला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताव? तिला सांगा." बघू.

२० जुलै, रविवार

अंडी! अंडी! मिशीवाल्याने अंडी सांभाळलीत!

खोबरं काढलेली एक करवंटी मी टाकीत उपडी ठेवली होती, कडेला दार कापून. ही कल्पना अस्सल माझी, संघमित्राचा यात काही संबंध नाही. मिशीवाल्याने ती पसंत केली. आज बॅटरी मारून बघतो तर आत केशरी मण्यांचा घोस, आणि हा दारात. मादी केव्हाच निघून गेली फिरायला. हा शेपटीने सारखा वारा घालतोय. दुधीची फोड दारापाशी ठेवली, बघितलीही नाही.

मी पहिला फोन संघमित्राला केला. निकेशला नंतर. ती दिघ्याहून लगेच निघून आली. आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून बघत होतो. ती हळूच म्हणाली, "काका, पाणी चांगलं असल्याशिवाय हे होत नाही. तुमचं पाणी जमलंय." कंपनीने निरोपाला शाल दिली, नारळ दिला, साहेब भाषण करून गेले. पण असं कोणी काही बोललं नव्हतं.

ती काहीतरी सांगायला आली होती बहुतेक. जाताना दोनदा "काका" म्हणाली. अंडी बाजूने कशी दिसतात ते मी तिला दाखवत बसलो, मग उशीर झाला.

२७ जुलै

पिल्लं बाहेर आली. पोटाला पिवळी पोटली, डोळे नुसते ठिपके. एंजलने गिळू नयेत म्हणून जाळीच्या पेटीत ठेवलीत. मोजता येत नाहीत. खिडकीतून विचारणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावून दाखवली. पोस्टमनलाही.

संध्याकाळी चहा पिताना शांतीला म्हणालो, "पोरगी हुशार आहे. स्वभावाने पण सरळ. ज्या घरात जाईल ते घर नशीबवान."

शांतीला चहाचा ठसका लागला. पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

खाडीवर नारळ सोडायला गेलो होतो. सगळे भाऊबंद होते. धनेशने मला बाजूला घेतलं. "तुलशीदादा, दिघ्याची सून आनताव, भावकीला इचारला पन नाय? आपल्यातली नाय ती."

"कनची सून?"

"आता तू पन! निकेशची. मासं बघायच्या निमतानं घरी येते ती. सगल्या गावाला ठाव हाय."

नारळ कसा सोडला, घरी कसा आलो, आठवत नाही. आज टाकीकडे बघितलं नाही.

९ ऑगस्ट

काल रात्री पुढचं लिहिता आलं नाही, आज लिहितो. घरी येऊन दोघांना समोर बसवलं. निकेश म्हणाला, हो बाबा, तीन वर्षं झाली. शांतीला जानेवारीपासून माहीत. गावाला माहीत. पोस्टमनला पण माहीत असेल. मला सोडून सगळ्यांना.

"म्हंजे मासं नुसता निमित्त? मला येडा बनवलात?"

निकेश म्हणाला, "पहिल्या दिवशी होतं निमित्त. नंतर नव्हतं, बाबा. नंतर ती तुमच्यासाठी यायची. कितीतरी रविवारी मी घरी नसायचो, तरी यायची ना?"

शांती तेवढी शांत. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सून म्हनून आनली असती, तर तुमाला तिची जात दिसली असती. मासं बघायला आली, म्हनून तुमाला पोरगी दिसली."

मी उठून बाहेर गेलो. राग आला म्हणून नाही. हवा हवी होती म्हणून.

२४ ऑगस्ट, रविवार

संघमित्रा दोन आठवडे आली नाही. मीही फोन केला नाही. पिल्लं काचेला चिकटून शेवाळ खायला शिकली. दाखवायला कोणी नाही.

डायरी माझीच आहे, तर मनात आहे ते लिहितो. भीती वाटते. धनेश म्हणतो भावकी लग्नाला येणार नाही. हळदीला अंगण रिकामं राहिलं तर? आमच्यात हळदीला अख्खं गाव नाचतं. बहिणीच्या मुली आहेत लग्नाच्या, त्यांचं काय? असे विचार येतात. हेही लिहितो की कंपनीत कांबळेच्या डब्यातली भाकरी मी अख्खी नोकरीभर खाल्ली. माझ्या डब्यातला मासा त्याने खाल्ला. तो मला कधी परका वाटला नाही. पण त्याला घरी जेवायला मी किती वेळा बोलावलं? आठवून बघितलं. एकदाही नाही. त्यानेही कधी विषय काढला नाही. त्याला का काढावा लागावा?

मिशीवाला परत करवंटीत जाऊन बसलाय. बहुतेक पुन्हा अंडी.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आज संध्याकाळी भाऊबंद आरतीला आले. खोली भरली. आरती झाली, प्रसाद झाला, मग सगळे टाकीपुढे जमले. यंदा टाकी खरंच देखणी आहे. पाणी असं की आहे की नाही कळू नये. झाडं वर पोचलीत. मिशीवाला दारात आणि बारकी पिल्लं काचेवर ओळीने चिकटलेली. म्हातारे लोकसुद्धा वाकून बघत होते. ज्यांनी जन्मभर मासळी टोपलीत बघितली त्यांनी मासा बाप होताना पहिल्यांदा बघितला.

कोणीतरी विचारलं, "तुलशीराम, ह्या सगला तुला शिकवला कोनी?"

मला 'स्वतःच' म्हणता आलं असतं. इतके महिने तेच म्हणत आलो. धनेश माझ्याकडेच बघत होता.

मी म्हणालो, "माझ्या सुनेनं."

टाकीवर वाकलेली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी पुढे म्हणालो, "दिघ्याची हाय. संघमित्रा नाव. पान्यातली डॉक्टर म्हना. अजून लगीन झायला नाय, पन सून माझीच."

धनेशने हातातली मोदकाची ताटली खाली ठेवली आणि चपला घालून निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघं. वाईट वाटलं, लहानपणापासून एका होडीत बसलेली माणसं. पण बाकीचे बसले. आमचे सगळ्यात थोरले काका टाकीकडे बघतच होते. म्हणाले, "तो मिशीवाला एक मला पन देशील का रं?"

शांती आत गेली. बाहेर आली ती मोदकांचं अख्खं पातेलं घेऊन. डोळे पुसत होती. म्हणाली, धुपाचा धूर डोळ्यांत गेला.

निकेश कोपऱ्यात उभा होता. माझ्याकडे असा बघत होता, जसा लहानपणी बघायचा, मी खाडीत होडी वळवताना.

निर्णय माझाच. कोणी सांगितलं म्हणून नाही. शांतीला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "तर! तुमचाच."

७ सप्टेंबर, रविवार

संघमित्रा आली. दारात थांबली. मी म्हणालो, ये, पिल्लं बघ आधी. तिने बघितली. मग आम्ही दोघंच बसलो.

"मला का नाय सांगितलास?" मी विचारलं.

"प्रत्येक वेळी सांगायलाच यायचे, काका. प्रत्येक वेळी तुम्ही काहीतरी दाखवायचात."

हे खरं असावं.

मी म्हणालो, "म्हंजे परीक्षा द्यायला येत होतीस. पास झालीस तू."

ती हसली नाही. म्हणाली, "काका, रागावू नका. मी परीक्षा द्यायला नव्हते येत. मी पण बघत होते. या घरात मला राहता येईल का, इथे माझं बोलणं कोणी ऐकेल का. तुम्ही त्या दिवशी बादली घेऊन परत आत आलात ना, तेव्हा मी निकेशला लग्नाला हो म्हणाले."

मला वाटत होतं की इतके दिवस मी तिला पारखत होतो. पोरगी मलाच पारखून गेली. आणि मी पास झालो! दहावी एका झटक्यात पास झालो होतो तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

तळ्यातल्या काटेरी माशाचं आणि धनेशच्या जाळ्याचंही आज तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. काकूंनी जूनमध्येच फोन केला होता."

५ ऑक्टोबर, रविवार

आज दिघ्याला गेलो. मी, शांती, निकेश. शांतीने ठेवणीतली नऊवारी नेसली, पेढे घेतले. मी इस्त्रीचा शर्ट.

गल्ली अशी की समोरून कोणी आलं तर एकाने दारात शिरावं. खोली वरच्या मजल्यावर, पण काय लख्ख! भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली कपाटात पुस्तकं, संघमित्राची प्रमाणपत्रं. अंकुशराव, तिचे वडील, माझ्याच वयाचे. हाताला लेथच्या जुन्या खुणा. फार बोलणारा माणूस नाही. केशरबाईंनी कोंबडीचा रस्सा केला होता. तिखट असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागून घेतला.

जेवणं झाल्यावर अंकुशराव सरळ मुद्द्यावर आले. "पाहुणे, एक विचारतो. आमची जात तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भावकीतले लोक उठून गेले, हेही कळलं. आज तुम्ही आलात, चांगलं वाटलं. पण उद्या माझ्या लेकीला कोणी घालूनपाडून बोललं तर?"

निकेश खाली बघत होता. मी घरून भाषण तयार करून आणलं होतं, समाज, बदलता काळ वगैरे. ते सगळं विसरलो.

मी म्हणालो, "बोलतील. नाय बोलनार असा कसा सांगू? पन माझ्या दारात बोलनार नाय. आनि बोललाच कोन, तर मी आधी उठेन, ती नंतर. तुमची जात मला ठाव हाय, अंकुशराव. आता तुमी सांगा. आमचा घर तुमाला चालंल का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. असं कोणी विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. मग लेकीकडे बघितलं, मग बायकोकडे. केशरबाई दाराला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरगी मार्चपासून जाऊन बघून आलीय. आता आपण नवं काय बघणार?"

संघमित्रा हसली. शांती हसली. अंकुशराव हसले तेव्हा कळलं की त्यांचा एक दात सोन्याचा आहे.

निघताना ते खाली गल्लीपर्यंत सोडायला आले. आजूबाजूचे लोक दारात उभे. एका म्हातारीने विचारलं, "अंकुश, पाहुणे कोण रे?"

मला वाटलं, म्हणतील सानपाड्याचे आहेत, नाहीतर संघमित्राच्या ओळखीचे. अजून काही ठरलं नव्हतं, ना तारीख ना साखरपुडा. अंकुशरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे व्याही."

कंपनीत मला स्टोअरवाला म्हणत. गावात तुळशीराम, तुळशीदादा. या नावाने आज पहिल्यांदा कोणी ओळख करून दिली. त्या गल्लीतून चालताना मी दोन्ही बाजूंना मान हलवून नमस्कार घेत होतो, देत होतो.

मागून शांती म्हणाली, "छाती आत घ्या जरा, गल्ली बारीक हाय."